पोरगं म्हणतंय डाउनहिल सायकल रेस खेळायचीय? शिर्डीच्या सपाटीवर राहून पहिल्या रेसची तयारी अशी होते

रात्री जेवणं झाली की घरोघरी रील सुरू होतात. त्यातलं एक रील तुमच्याही समोर कधी ना कधी आलं असेल. चिली देशातलं व्हॅलपरायझो शहर. एक सायकलवाला डोंगरउतारावरच्या घरांमधून, पायऱ्यांवरून, भिंतींवरून उड्या मारत सुसाट खाली येतोय. दोन्ही बाजूंना लोक ओरडतायत. बघता बघता तो खाली पोहोचतो आणि खेळ संपतो.

घरातलं १५ वर्षांचं पोरगं हे रील दहा वेळा बघतं आणि एक दिवस म्हणतं, "पप्पा, मला पण डाउनहिल खेळायचंय. एका रेसचा फॉर्म निघालाय, भरू का?"

पप्पा म्हणतात, आधी दहावी काढ. आई म्हणते, हातपाय मोडून घ्यायचेत का? पोरगं तोंड पाडून बसतं. मग एखाद्या रविवारी मित्राची सायकल घेतं, कुणाला न सांगता कुठल्या तरी टेकडीवर जातं आणि डोक्यावर टोपी उलटी घालून खाली सुटतं.

घरच्यांनी घाबरायचं असेल तर या रविवारला घाबरावं. रेसमध्ये निदान हेल्मेट सक्तीचं असतं, वाटेवर माणसं उभी असतात, रुग्णवाहिका सांगून ठेवलेली असते. टेकडीवर यातलं काहीच नसतं. त्यामुळे 'हो' म्हणायचं की 'नाही' हे ठरवण्याआधी हा खेळ काय आहे आणि पहिल्या रेसची तयारी म्हणजे नक्की काय करायचं, हे घरातल्या मोठ्यांनी समजून घेतलेलं बरं.

आधी खेळ समजून घेऊ

डोंगरातल्या सायकलिंगचे दोन मोठे प्रकार. एक क्रॉस कंट्री. यात सगळे एकत्र सुटतात, चढ-उताराच्या वाटेवर फेऱ्या मारतात, दम लागतो. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आहे.

दुसरा डाउनहिल. इथे वरून खाली यायचं, तेही एकट्याने. ठरावीक अंतराने एकेक जण सुटतो, घड्याळ लागतं, सगळ्यात कमी वेळ ज्याचा तो जिंकला. सायकलिंगची जागतिक संघटना म्हणजे यूसीआय. तिच्या स्पर्धांमध्ये एक रन साधारण दोन ते पाच मिनिटांची असते. डाउनहिल आजवर ऑलिंपिकमध्ये आलेलं नाही, पण २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये केरळात पोनमुडीला आशियाई माउंटन बाइक स्पर्धा झाली, भारतात ती पहिल्यांदाच भरली होती आणि तिच्यातही डाउनहिलच्या शर्यती होत्या. म्हणजे "हे असलं काही आपल्याकडे नसतं" हे वाक्य आता चालणार नाही.

खेळाचा जन्म मात्र कुठल्या संघटनेच्या कार्यालयात झालेला नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही पोरं जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली यायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी घड्याळ लावून पहिली रेस घेतली. वाट साधारण साडेतीन किलोमीटरची, उतार जवळपास ४०० मीटरचा. त्या सायकलींना पॅडल उलटं मारून लागणारा ब्रेक असायचा. खाली पोहोचेपर्यंत तो एवढा तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि पुन्हा भरावं लागायचं. इंग्रजीत पुन्हा भरण्याला रिपॅक म्हणतात, म्हणून रेसचं नावच 'रिपॅक' पडलं.

त्या पहिल्या रेसमध्ये अ‍ॅलन बाँड्स जिंकला. कारण एकटा तोच पडला नाही.

पहिल्यांदा रेसमध्ये उतरणाऱ्या पोराला गोष्ट सांगायचीच असेल तर ही सांगावी. उतारावर वेग फुकट मिळतो, तो डोंगरच देतो. आपल्याला शिकायचं असतं ते वेग कमी करणं, समोर बघणं आणि सायकलवर राहणं.

पण शिर्डीत डोंगर कुठंय?

बरोबर प्रश्न आहे. शिर्डी, राहाता, कोपरगाव हा गोदावरीच्या खोऱ्यातला सपाट पट्टा. काळी माती, ऊस, पेरू आणि पाट. समुद्रसपाटीपासून साधारण ५०० मीटरवरचा हा भाग इतका सपाट आहे की उतार म्हणून उड्डाणपूल दाखवावा लागतो.

पण अहिल्यानगर जिल्हा एवढ्यावर संपत नाही. पश्चिमेला पन्नासेक किलोमीटर गेलं की संगमनेर, आणि तिथून अकोल्याच्या बाजूला सह्याद्री सुरू. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर, याच जिल्ह्याच्या हद्दीवर आहे. राष्ट्रीय पातळीवर माउंटन बाइक चालवणारी प्रणिता सोमण संगमनेरचीच. तिचा खेळ मुख्यतः क्रॉस कंट्रीचा, पण या मातीतून माउंटन बाइकची खेळाडू घडू शकते हे तिच्यामुळे जिल्ह्याला ठाऊक झालं.

शिर्डीच्या पोराने मात्र थेट कळसूबाईकडे धाव घ्यायची नाही. एकतर तो सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे वनखात्याला न विचारता सायकल घालणं योग्य नाही. दुसरं म्हणजे त्या वाटा ट्रेकरच्या आहेत. शनिवार-रविवारी माणसांची रांग असते, आणि वळणावर समोरून सत्तरीतल्या आजी आल्या तर काय करणार?

खरं सांगायचं तर पहिल्या दोन महिन्यांतल्या तयारीचा मोठा भाग सपाटीवरच होतो. शाळेचं मैदान, बाजार नसलेल्या दिवशीचं बाजारतळ, एखाद्या मंगल कार्यालयाचं रिकामं पार्किंग. तिथे काय करायचं ते पुढे येईलच. त्यानंतर आठवड्यातून एकदा संगमनेर-अकोल्याच्या बाजूची एखादी छोटी टेकडी, गावातल्या लोकांना विचारून, सोबत मोठं माणूस घेऊन. ढोरवाट असेल तर उत्तम. गुरं कधी सरळ उभी खाली उतरत नाहीत, वळणं घेत येतात. नवख्याला तीच वाट झेपते.

दोन जागा मात्र पक्क्या टाळायच्या. एक, घाटरस्ते. उतार मिळतो म्हणून चंदनापुरी घाटात सायकल सोडणं म्हणजे ट्रकच्या पुढे जाऊन उभं राहणं. दोन, पाटाचा भराव. गोदावरी कालव्याच्या कडेचा कच्चा रस्ता दम वाढवायला चांगला, सकाळी दहा-पंधरा किलोमीटर मारायला हरकत नाही. पण भरावाच्या उतारावर ब्रेकचा सराव नको, कारण चुकलं तर पोरगं पाण्यात जातं. (समृद्धी महामार्गावर सायकलला बंदी आहे, हे सांगायची गरज नसावी. तरी सांगितलेलं बरं.)

सायकल कुठली घ्यायची?

टीव्हीवर दिसते ती डाउनहिल सायकल पुढे-मागे दोन्हीकडे २०० मिलीमीटरच्या आसपास दबणाऱ्या शॉकअपची असते आणि किंमत लाखांत जाते. पहिल्या रेससाठी ती घेऊ नका. पोरगं दोन रेसनंतर क्रिकेटकडे वळलं तर ती सायकल अंगणात धूळ खाईल, आणि समतल रस्त्यावर ती चालवणं म्हणजे शिक्षा.

हार्डटेल चालते. हार्डटेल म्हणजे फक्त पुढे शॉकअप, मागे नाही. आपल्याकडच्या काही स्पर्धांत हार्डटेलचा वेगळा गटही ठेवतात. मागे शॉकअप नसल्याने खड्डा थेट पायाला कळतो, त्यामुळे पोरगं गुडघे सैल ठेवायला आणि वाट निवडायला आपोआप शिकतं.

पण एक गोम आहे. बाजारात 'एमटीबी' म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्या सायकली डोंगरासाठी नसतात. जाड टायर, रंगीत शॉकअप आणि सात-आठ हजार किंमत असलेली सायकल दिसायला तशी असते एवढंच. सायकलसोबत येणारं पुस्तक उघडून बघा. कुठल्या वापरासाठी आहे ते त्यात लिहिलेलं असतं, आणि बऱ्याचदा "उड्या मारण्यासाठी नाही" असंही स्पष्ट छापलेलं असतं. तसं असेल तर त्या सायकलवर पोराला डोंगरातून सोडू नका. उतारावर फ्रेमचा जोड किंवा हँडलचा दांडा तुटला की पोराच्या हातात काहीच उरत नाही.

हायड्रॉलिक डिस्क ब्रेक हवेत, वायरवाले नकोत. दोन बोटं जोर लावून दमली की वायरवाला ब्रेक लागत नाही. टायर २.३ इंचांच्या आसपास रुंद आणि खोल नक्षीचे. हवेचं गणित नीट समजून घ्या. सायकल दुकानात हवा मारून आणली की टायर दगडासारखा टणक होतो. ५० ते ५५ किलोच्या मुलाला ट्यूबवाल्या टायरमध्ये २५ ते ३० पीएसआयच्या आसपास पुरते. जास्त असेल तर चाक दगडावरून उडतं, फार कमी असेल तर दगडावर आपटून ट्यूबला दोन भोकं पडतात. स्वतःचा पंप आणि हवा मोजायचं घड्याळ घ्या, फार खर्च नाही.

पैसे खर्च करायचेच असतील तर हेल्मेटवर करा

डाउनहिलमध्ये हनुवटी झाकणारं, म्हणजे फुल फेस हेल्मेट लागतं. यूसीआयच्या नियमात ते रेसलाच नाही तर सरावालाही सक्तीचं आहे. वर अर्धवट टोपीसारखं असतं ते सायकल हेल्मेट इथे चालत नाही. कारण साधं आहे. उतारावर माणूस पाठीवर कमी आणि तोंडावर जास्त पडतो.

इथे बऱ्याच घरांत एक शक्कल निघते. "गाडीचं हेल्मेट आहे ना, आयएसआय मार्कवालं. तेच घाल." हेतू चांगला, पण ते जड असतं. धक्क्यांवर धक्के खात उतरताना ते वजन मानेवर येतं, उकाड्यात चष्म्यावर वाफ धरते आणि कानांवर बसल्याने मागून आलेल्या स्पर्धकाची हाक ऐकू येत नाही. डाउनहिलच्या हेल्मेटसाठी वेगळं मानक आहे, एएसटीएम एफ-१९५२. हेल्मेटच्या आत स्टिकरवर ते लिहिलेलं असतं. ते शोधा.

माप डोक्यावर घालूनच घ्या, ऑनलाइन फोटो बघून नाही. पट्टा लावायचा, दोन्ही हातांनी हेल्मेट डावी-उजवीकडे हलवायचं. हेल्मेटबरोबर गालाची कातडी हलली तर बरोबर, नुसतं हेल्मेट फिरलं तर मोठं आहे. "पुढच्या वर्षी पण होईल" म्हणून एक नंबर मोठं घेणं शाळेच्या बुटांत चालतं, इथे नाही. जुनं, कुणीतरी वापरलेलं हेल्मेटही नको. एकदा जोरात आपटलं की आतला थर्माकोलसारखा थर दबतो. वरून काही दिसत नाही, पण दुसऱ्या वेळी ते वाचवत नाही. आपलं हेल्मेट आपटलं तरी तोच नियम, ते बदलायचं.

बाकी गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड, पूर्ण बोटांचे हातमोजे, पाठीचं संरक्षक जाकीट, गॉगल. पैसे कमी पडत असतील तर सायकलचा शॉकअप साधा घ्या, पण गुडघ्याचे पॅड घ्याच.

मैदानावर काय शिकायचं?

आधी एक हिशोब. ताशी ३६ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला १० मीटर. समोर दगड दिसल्यापासून हात ब्रेकवर दाबेपर्यंत अर्धा ते एक सेकंद जातो. तेवढ्यात सायकल ५ ते १० मीटर पुढे गेलेली असते, आणि थांबायला अजून सुरुवातही झालेली नसते. वरून, वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. २० च्या वेगाने ४ मीटरमध्ये थांबणारं पोरगं ४० च्या वेगाने १६ मीटरमध्ये थांबेल, तेही जमीन चांगली असेल तर.

म्हणून पहिला धडा ब्रेकचा. मैदानावर खडूने एक रेघ मारा. पोराने वेगात यायचं आणि रेघेवर ब्रेक सुरू करून कमीत कमी अंतरात थांबायचं, चाक न घसरता. थांबला तिथे दुसरी रेघ. रोज वीस वेळा. पंधरा दिवसांत दोन रेघांमधलं अंतर किती कमी झालं ते पोरालाच दिसतं.

आपल्याकडे बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. बाहेरून आलेल्या काही सायकलींना उलटा असतो, म्हणून मित्राची सायकल घेतली तर आधी तपासायचं. थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. मागचा घट्ट धरला की चाक घसपटत जातं, धूळ उडते, रीलमध्ये भारी दिसतं, पण सायकल ताब्यात राहत नाही. पुढचा एकदम दाबला तर पोरगं हँडलवरून पुढे. त्यामुळे दोन्ही ब्रेक, एकेका बोटाने, हळूहळू वाढवत दाबायचे. आणि ब्रेक वळणाच्या आधी लावायचा, वळणात नाही. हा एक नियम अंगवळणी पडला तर निम्मी तयारी झाली.

सह्याद्रीत हे जास्तच लागू पडतं. आपल्या डोंगरात उन्हाळ्यात घसारा असतो, म्हणजे सुटी बारीक खडी आणि मुरूम. ट्रेकरला पाय ठेवताना जी भीती वाटते तीच सायकलच्या पुढच्या चाकाला. घसाऱ्यात पुढचा ब्रेक दाबला की चाक बाजूला निसटतं. घसारा यायच्या आधी वेग कमी करून घ्यायचा आणि घसाऱ्यावरून ब्रेक सोडून, सरळ जायचं. पावसानंतरचा प्रश्न वेगळा. काळ्या मातीचा गारा टायरच्या नक्षीत भरतो आणि टायर डांबरासारखा गुळगुळीत होतो. त्या दिवशी सराव नाही, सुट्टी.

दुसरा धडा बसण्याचा, खरं तर न बसण्याचा. उतारावर सीटवर बसायचं नाही. सीट खाली करायची, दोन्ही पॅडल जमिनीला समांतर, टाचा खाली, गुडघे आणि कोपरं वाकवून बाहेर, छाती जराशी खाली. घोड्यावर रिकिबीत उभा राहिलेला स्वार आठवा. सायकल खाली हवी तेवढी नाचू दे, डोकं स्थिर राहिलं पाहिजे.

तिसरा धडा डोळ्यांचा, आणि तो शिकवायला सगळ्यात अवघड. माणूस जिकडे बघतो तिकडे जातो. दगडाकडे बघत "धडकणार, धडकणार" म्हणणारा नेमका त्याच दगडावर जातो. मैदानात चार-पाच बाटल्या उभ्या करून त्यांच्यामधून जायचं, पण बघायचं पुढच्या मोकळ्या जागेकडे. सोबत कुणीतरी पुढे उभं राहून बोटं दाखवायची आणि पोराने चालवता चालवता "तीन", "पाच" असं ओरडून सांगायचं. आकडा चुकला म्हणजे नजर चाकाकडे होती.

उड्या? पहिल्या रेसला गरज नाही. फुटपाथच्या कडेवरून, मग फूटभर उंच ओट्यावरून दोन्ही चाकं एकदम टेकवत उतरता आलं की पुरे. डाउनहिलच्या वाटेवर मोठ्या उडीच्या शेजारून जाणारी सोपी वाट बऱ्याचदा असते. तिला खेळाडू 'चिकन लाइन' म्हणतात. नावावर जाऊ नका. चिकन लाइन घेऊन खाली आलेल्याला वेळ मिळतो, झुडपात पडलेल्याला मिळत नाही.

तालीम जुनीच, कामाची

तीन मिनिटांची रेस, तीही उतारावर, त्यात दम कसला? असं वाटणाऱ्याने तीन मिनिटं अर्ध्या बैठकीत उभं राहून बघावं. मांड्या थरथरायला लागतात. उतारावर त्याच अवस्थेत हात सतत धक्के खात असतात. दीड-दोन मिनिटांनी कोपराखालचा हात दगडासारखा होतो आणि ब्रेक दाबायला बोटंच उरत नाहीत. नवख्यांचं पडणं बऱ्याचदा शेवटच्या टप्प्यात होतं ते यामुळे.

त्यासाठी जिमची पावती फाडायची गरज नाही. बैठका, जोर, सूर्यनमस्कार, आणि दोरीला किंवा आडव्या बारला लोंबकळणं. गावात मल्लखांब असेल तर सोन्याहून पिवळं, कारण पकड त्याच्यासारखी कशानेच येत नाही. वयात येणाऱ्या मुलांना जड वजनं उचलायला लावण्यापेक्षा हे बरं.

रेसच्या आदल्या दिवशी वाट चालून बघायची

डाउनहिलमध्ये रेसच्या आधी सगळी वाट पायी बघायला मिळते. यूसीआयच्या नियमात तर आधी पायी पाहणी, मग सायकलवरचा सराव असाच क्रम आहे, आणि सरावाच्या किमान दोन फेऱ्या पूर्ण केल्याशिवाय रेसला उभंच राहता येत नाही. स्थानिक स्पर्धेत नियम सैल असतील तरी तुम्ही हेच पाळा.

चालताना घाई नको. अवघड जागा आली की तिथे थांबून आधी वरून बघायची, मग खाली उतरून मागे वळून बघायची. खालून बघितलं की दगडाची खरी उंची कळते. मोबाईलवरचा व्हिडिओ याला पर्याय नाही. कॅमेऱ्याच्या रुंद भिंगात चढ-उतार सपाट दिसतात आणि पोराला वाटतं, एवढंच ना! प्रत्येक अवघड जागेला पोराने स्वतःच एक नाव द्यावं, 'चिंचेचं वळण', 'कातळ', 'म्हशीचा दगड', काहीही. मग रात्री डोळे मिटून वरपासून खालपर्यंत सगळी वाट नावानिशी म्हणून दाखवायची. जिथे अडखळेल तिथे सकाळी परत चालत जायचं.

झेंडे ओळखता आले पाहिजेत. सरावात पिवळा झेंडा हलला म्हणजे पुढे कुणीतरी पडलंय, वेग कमी. रेसमध्ये लाल झेंडा दिसला म्हणजे तिथेच थांबायचं. लाल झेंड्यामुळे थांबलेल्याला पुन्हा सुटण्याची मागणी करता येते, त्यामुळे "माझी रेस गेली" म्हणून रेटून जायचं कारण नाही. मागून कुणी ओरडत आला तर सुरक्षित जागा बघून बाजू द्यायची.

आयोजकांना आई-वडिलांनी तीन गोष्टी विचाराव्यात. रुग्णवाहिका जागेवर आहे की फोन करून येणार? वाटेवर माणसं किती अंतराने उभी आहेत? आणि तिथे मोबाईलला रेंज आहे का? १०८ नंबर महाराष्ट्रात मोफत आहे, पण दरीत रेंज नसेल तर तो लागणार कसा? या प्रश्नांना आयोजक वैतागले तर फॉर्मचे पैसे सोडून द्या आणि परत या.

डोक्याला मार लागला तर

इथे ढिलाई नको. पडल्यावर पोरगं उठलं, हसलं, "काही नाही झालं" म्हणालं, म्हणजे काही झालं नाही असं नसतं. बेशुद्ध न पडताही मेंदूला धक्का बसू शकतो. तोच तोच प्रश्न विचारणं, तोल जाणं, डोळ्यांसमोर धूसर होणं, मळमळ, चिडचिड, नुसतंच "बरं वाटत नाही". यातलं एक जरी दिसलं तरी त्या दिवशीची रेस संपली. शंका असली तरी संपली. वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलटी, झटके, गुंगी, हाताला-पायाला अशक्तपणा किंवा मान दुखणं असेल तर थेट हॉस्पिटल. मान दुखत असेल तर ओढून बसतं करायचं नाही आणि हेल्मेटही घाईने काढायचं नाही. शिर्डीच्या बाजूला लोणीला प्रवरा ट्रस्टचं मोठं रुग्णालय आहे, पण रेस अकोल्याच्या डोंगरात असेल तर तिथून जवळ काय आहे ते आधीच शोधून ठेवायचं.

पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाईल कमी, पोराला एकटं सोडायचं नाही. आधी शाळा नीट सुरू होऊ दे. सायकल डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

दुसरी गोष्ट मनगटाची. पडताना हात पुढे जातोच. या वयात हाडांच्या टोकाशी वाढीची जागा असते आणि ती हाडापेक्षा कच्ची असते. "मुरगळलं असेल" म्हणून हाडवैद्याकडे नेऊन ओढून घेतलं तर वाढणाऱ्या हाताचं नुकसान होऊ शकतं. मनगट सुजलं, सांध्याजवळ दाबल्यावर दुखलं, की एक्स-रे.

जाता जाता विम्याचं. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत साहसी खेळांबाबत एक अट असते. बहुतेक ठिकाणी ती व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांपुरती असते, पण शब्द नीट वाचा आणि रेसच्या आधी कंपनीकडून लेखी विचारून घ्या. फॉर्मवरच्या "सर्व जबाबदारी आमची" या ओळीखाली सही पालकांची असते.

वयाचाही घोळ होतो. यूसीआयच्या हिशोबात ज्युनिअर म्हणजे १७ आणि १८ वर्षं, आणि वय तारखेवरून नाही तर वर्षावरून धरतात. चालू वर्षातून जन्माचं वर्ष वजा केलं की आलं उत्तर. त्याखालच्या वयाचे गट स्पर्धेनुसार वेगळे असतात. १५ वर्षांच्या पोराला 'खुल्या गटात' उतरवत असतील तर मोठ्यांची वाट तीच आहे का ते विचारा.

रेसची सकाळ

सुटायच्या दोनेक तास आधी पोहे आणि केळं. नवीन काही नको, बाहेरचं तेलकट नको. ब्रेक दाबून बघा, चाकं घट्ट आहेत ना ते बघा, हँडल सरळ आहे ना ते बघा. अंग गरम करायला दहा मिनिटं सायकल. पोट ढवळतंय म्हणाला तर ते सगळ्यांचंच ढवळतं, हे सांगून टाका.

मग पालकांनी खाली, शेवटच्या रेघेपाशी जाऊन उभं राहायचं. अवघड वळणावर कॅमेरा घेऊन उभं राहून "बाळा, सांभाळून!" असं ओरडायचं नाही. ओळखीचा आवाज आला की पोराची मान वळते, आणि मान वळली की चाक वळतं. व्हिडिओ हवाच असेल तर तो शेवटच्या सरळ पट्ट्यातला घ्या.

पोराशी आधीच एक ठरवून ठेवा. वर उभं राहिल्यावर नको वाटलं तर उतरून चालत यायचं, घरी कुणी काही बोलणार नाही. आणि हे ठरलं असेल तर खरंच काही बोलायचं नाही, परतीच्या गाडीतसुद्धा.

खाली आला की आधी चेहरा बघा, मग घड्याळ. संध्याकाळी सायकल धुऊन चेन कोरडी करून तेल घाला, हेल्मेटवर कुठे चीर आहे का ते उजेडात फिरवून बघा. आणि रनला लागलेली वेळ त्याच्या वहीत त्याच्याच हाताने लिहायला लावा, शेजारी कुठल्या वळणाला ब्रेक उशिरा लागला तेही.